सोडतीत लागलेला बर्फ

गणपतीच्या दिवसांत अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला, "मावशी, जानेवारीत येतेस का? बर्फावरून गाडीने फिरू." त्या वेळी मी कोथरूडच्या घरात मोदकांची उकड मळत होते आणि फारसा विचार न करता हो म्हणून बसले. विचार नंतर करावा लागला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले बहुतेक रस्ते डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चाकांच्या वाहनांना बंद असतात. त्यांवरचा बर्फ यंत्राने दाबून सपाट केला जातो आणि त्यावरून स्नोकोच (बर्फावर चालणारी प्रवासी गाडी) किंवा स्नोमोबिल (बर्फावर चालणारी, मोटरसायकलसारखी गाडी) एवढ्याच गाड्यांना जाता येते. त्यातही एक तर व्यावसायिक वाटाड्या घ्यावा लागतो, नाही तर सोडतीत परवाना लागावा लागतो.

भाच्याला वाटाड्या नको होता. चार प्रवेशद्वारांपैकी प्रत्येकातून रोज असा एकच खासगी गट सोडतात आणि त्यात फार तर पाच गाड्या असतात. सप्टेंबरमध्ये ऑनलाइन अर्ज करायचा, त्याचे 6 डॉलर, आणि नाव निघाले तर दिवसाला 40 डॉलर. परवाना ज्याच्या नावावर निघतो त्याने स्वतः गटासोबत जायचे असते, तो दुसऱ्याला देता येत नाही. म्हाडाच्या सोडतीत तीनदा नाव न लागलेल्या आमच्या कुटुंबाला इथे पहिल्याच खेपेला जानेवारीतला शनिवार-रविवार मिळाला, याचे मला अजूनही नवल वाटते.

चालकांना एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र सोबत ठेवावे लागते. वाहन परवान्याचीही अट आहे. माझ्या पुण्याच्या परवान्यावर तिथे वाद घालत बसण्यापेक्षा मी मागे बसणे पसंत केले. अभ्यासक्रम मात्र केलाच. ताशी 35 मैलांची, म्हणजे सुमारे 56 किलोमीटरची वेगमर्यादा, रस्ता सोडून बर्फात न शिरणे, गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून किमान 23 मीटर आणि लांडगा-अस्वलापासून 91 मीटर दूर राहणे, हे सगळे मला भाच्याआधी पाठ झाले होते.

भाच्याला हे नियम जाचक वाटत होते. मला त्यांचे कारण कळले, तेव्हा ते पटले. या उद्यानात पहिल्या स्नोमोबिल 1963 मध्ये आल्या आणि पुढे त्यांची इतकी गर्दी झाली, की 2002 मध्ये पश्चिम दारावरच्या कर्मचाऱ्यांना धुरापासून बचावासाठी हवा गाळणारे मुखवटे द्यावे लागले. नळ स्टॉपच्या सिग्नलला ओढणीने नाक बांधून उभ्या राहणाऱ्या बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आता धूर आणि आवाज यांच्या मर्यादेत बसणारी, उद्यानाच्या मान्य यादीतली मॉडेलेच आत जाऊ शकतात.

नेमके तिथेच आमचे अडले. पश्चिम दाराजवळच्या वेस्ट यलोस्टोन गावातल्या एका भाड्याच्या दुकानात तीन गाड्या महिनाभर आधी ठरवल्या होत्या. शनिवारी सकाळी पाहतो तर त्यांतली एक यादीत नव्हती. "चालते हो, कोणी बघत नाही," या अर्थाचे दुकानदार काहीतरी बोलला, आणि क्षणभर मला आपण लक्ष्मी रोडवरच असल्यासारखे वाटले. भाच्याने यादीची छापील प्रत आणली होती म्हणून निभावले, पण गाडी बदलून मिळेपर्यंत दीड तास गेला.

तापमान उणे 22 होते. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग अंग गारठवतो, म्हणून तो टाळायचा, हे वाचूनही मी हट्टाने आतून सुती मोजे घातले होते. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये पायाची बोटे बधिर झाली. हेल्मेटच्या काचेवर आतून माझ्याच श्वासाची वाफ बसली आणि बघता बघता तिची बर्फाची जाळी झाली. भाच्याच्या पाठीपलीकडे काही दिसेना. शेवटी भाच्याच्या बायकोने थांबून माझी नाकपट्टी नीट आत खोचून दिली, म्हणजे श्वास खाली जाऊ लागला.

मॅडिसन नदीकाठी चार बायसन रस्त्यावरूनच समोर आले. आम्ही गाड्या कडेला घेऊन बसून राहिलो. त्यांच्या दाढीला बर्फाचे मणी लोंबत होते आणि एक जण बाजूला उतरून मान डावी-उजवीकडे फिरवत बर्फ झाडत होता, अगदी केरसुणी फिरवावी तसा, खालच्या वाळक्या गवतापर्यंत. ते जाईपर्यंत वीस मिनिटे गेली. ती गेली याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

दारापासून ओल्ड फेथफुल हा जमिनीतून उडणारा गरम पाण्याचा फवारा 48 किलोमीटरवर आहे. त्या उंचीवर पाणी सुमारे 93 अंशांनाच उकळते. फवारा उडाला तेव्हा पाण्यापेक्षा वाफच जास्त दिसली, आणि आसपासच्या झाडांवर ती गोठून पांढरी पुटे चढली होती. दुसऱ्या दिवशी कॅन्यन या खोल दरीकडे जाऊन 94 मीटरचा लोअर फॉल्स हा धबधबा पाहिला. वारा इतका होता, की पाच मिनिटांत परतलो.

रविवारी संध्याकाळी दुकानात हेल्मेट परत करायचे तर माझ्या हनुवटीखालचे बक्कल गोठून बसले होते. भाच्याने ते दोन्ही तळव्यांत धरून ठेवले आणि दुकानदार पावती हातात घेऊन मुकाट्याने थांबला.