गेममधलं विमान खऱ्यासारखं उडतं का?

घरी बसून कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "ते खऱ्यासारखं उडतं का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बरंचसं उडतं. पण जिथे लोकांना ते सगळ्यात खरं वाटतं, तिथेच मला शंका येते.

वेग, चढाई, वळणाचा घेर हे आकडे जुळवणं त्यातल्या त्यात सोपं. जुने चाचणी अहवाल मिळतात, बरा गेम तेवढं जमवतो. मी बघतो ते विमानाच्या खोडी त्यात उतरल्यात का. १९४० सालच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून देणाऱ्या भांड्यावर, चालायचं. नाक झटकन खाली दाबलं की निगेटिव्ह जीमुळे, म्हणजे सगळं वर उचललं जाईल अशा उलट्या ओढीमुळे, पेट्रोलचा पुरवठा बिघडायचा आणि इंजिन गचके खायचं. समोरच्या मेसरश्मिट १०९ ला फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल दाबाने थेट इंजिनात, त्यामुळे जर्मन वैमानिक खुशाल सूर मारून निसटायचा. बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये भोक पाडलेली एक छोटीशी चकती बसवून त्यावर तात्पुरता तोडगा काढला. चांगल्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खऱ्याची नक्कल करणाऱ्या गेममध्ये, सुरुवातीची स्पिटफायर घेऊन १०९ च्या मागे नाक दाबून बघा, इंजिन ऐनवेळी दगा देतं. मग विमान उलटं करून स्टिक (विमान वळवायचा दांडा) ओढायची; तेव्हाची पोरंही तेच करायची.

एफ-१६ या अमेरिकन जेट लढाऊ विमानाची खोड याहून भारी. त्याच्या छोट्या प्रतिकृतीच्या विंड टनेल (वाऱ्याचा झोत सोडायचा बोगदा) चाचण्यांवर आधारलेला अहवाल नासाने १९७९ मध्येच छापला, आणि फाल्कन बीएमएस हा एफ-१६ चा सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी तो वापरला. विमान डीप स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल गेलेल्या अवस्थेत, अडकलं की नाक वर ठेवून सपाट खाली येत राहतं, स्टिक पुढे ढकलून काही होत नाही. एक स्विच दाबून धरायचा आणि स्टिक तालात मागेपुढे करत नाक डोलवायचं, ते पुरेसं खाली पडेपर्यंत. खऱ्या वैमानिकाला शिकवतात ती रीत हीच.

मग शंका कुठे? "जितकं अवघड तितकं खरं" या आमच्या मंडळींच्या समजुतीत. पंख्याच्या विमानाचं नाक टेकऑफला एका बाजूला ओढतं, हे खरंच. पण आत बसलेल्याला ते आधी पाठीला आणि बुडाला कळतं, नाक सरळ ठेवणाऱ्या पेडलवरचा पाय आपोआप हलतो. आपल्याला पडद्यावर दिसेपर्यंत विमान धावपट्टी सोडून गवतात. गणित बरोबर असूनही घरी ते जास्त अवघड जातं. स्टिकचंही तसंच. जपानी झिरो या लढाऊ विमानाचे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांवरच्या झडपा) जास्त वेगात इतके जड व्हायचे की विमान धड कलायचं नाही. माझ्या टेबलावरच्या स्टिकची स्प्रिंग मात्र कायम तेवढीच मऊ. ही विमानं विशीतली पोरं युद्धाच्या घाईत शिकून उडवायची. गेममध्ये ती दर उड्डाणाला भेलकांडत असतील, तर मी त्या गेमला जास्त खरा म्हणत नाही.

आता "सुरुवात कशी करू?" असंही विचाराल, तर आधी पायाची पेडल्स घ्या. महागडी स्टिक मागाहून.