हाताचं अक्षर, पण कुणाच्या?

भडंगाच्या पाकिटावर 'घरगुती' हा शब्द ताठ छापील अक्षरात शोभत नाही, हे सांगलीत कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. अक्षर जरा हललेलं, किंचित कललेलं हवं. कुणा काकूंनी पदराला हात पुसून स्केचपेननं लिहिल्यासारखं. हल्ली काकूंच्या जागी फॉन्ट लिहितो.

इंग्रजीत या घराण्याचा बदनाम वारस म्हणजे कॉमिक सॅन्स. व्हिन्सेंट कॉनेअर यांनी तो 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी काढला, कारण एका प्रोग्रॅममधला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमन या ताठ छापील फॉन्टमध्ये बोलत होता आणि ते त्यांना बघवेना. पुढे तो फॉन्ट नको तिथे इतका वापरला गेला, की नाव काढलं तरी डिझायनर मंडळी कपाळाला हात लावतात. मला त्यात फॉन्टचा दोष दिसत नाही. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर डुलणारी अक्षरं लावणारे आपल्याकडेही आहेतच.

देवनागरीत असा फॉन्ट करणं मात्र जास्त अवघड, आणि त्याला कारण शिरोरेखा. आपण वहीत लिहिताना शब्द पुरा करतो, मग वरून एक रेघ ओढतो. घाईत असलो तर तीही नाही. फॉन्टला ही चैन नाही. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारी कोण येणार हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे रेघ मधे कितीही डुलली तरी दोन्ही टोकांना ठरलेल्या उंचीवर यावीच लागते, मिरज जंक्शनात डब्यांची कपलिंग जुळावी तशी. फॉन्ट बनवणाऱ्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' बघा. तिरका, पेनानं झरझर लिहिल्यासारखा, तरी शब्द कुठे तुटत नाही. ती बेफिकिरी मोजूनमापून केलेली आहे.

सोंग उघडं पडतं ते अक्षर परत आलं की. 'भडंग'मधला ग आणि 'शेंगदाणा'तला ग हुबेहूब एक. माणसाच्या हातून असं होत नाही. यावर उपाय आहे: एकाच अक्षराची दोन-तीन रूपं करून फॉन्टनंच ती आलटून पालटून लावायची. पण जोडाक्षरांसकट देवनागरीचा पसारा आधीच शेकड्यांत, त्यात दुप्पट-तिप्पट काम कोण करणार!

माझी खरी तक्रार 'ल'बद्दल आहे. हिंदी वळणाचा दांडीवाला ल दिसला, की त्या काकू सांगलीच्या नाहीत हे लगेच कळतं. बऱ्याच फॉन्टांत मराठी ल आणि श आत असतात; मजकुराची भाषा मराठी निवडली की बाहेर येतात. 'लसूण भडंग'चं लेबल जुळवत बसलेल्या डीटीपीवाल्या पोराला मी हे उत्साहानं सांगितलं. त्यानं मानही वर केली नाही.

"ताई, गिऱ्हाईक ल बघत नाही, लसूण बघतंय."