प्रोन आणि सुपाइन

आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना प्रोन आणि सुपाइन शिकवलं. प्रोन म्हणजे पालथं, सुपाइन म्हणजे उताणं. एवढं लगेच पाठ होतं, पण खरा फरक दिसतो तो पेशंटच्या श्वासात. उताणं असताना हृदयाचा आणि पोटाचा भार फुफ्फुसांच्या मागच्या भागावर येतो. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-स्पेनमधल्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या अतिगंभीर रुग्णांपैकी उताणे ठेवलेल्यांत 28 दिवसांत सुमारे 33 टक्के दगावले, रोज किमान 16 तास पालथे ठेवलेल्यांत 16 टक्के. कोविडमध्ये आपण याच आधारावर माणसं पालथी केली.

तान्ह्या बाळाला मात्र झोपवायचं उताणंच! हे मी पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, कारण अजूनही कितीतरी घरांत बाळाला पालथं निजवतात आणि तिथे आजीला समजावणार आहेत त्या याच मुली.