नावं सांगा

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

अमेरिकी नाटककार आर्थर मिलरचं ‘द क्रूसिबल’ हे नाटक आज तिसऱ्यांदा वाचून संपवलं. झोप येईना, म्हणून वही उघडली.

या वेळी मी शेवटच्या अंकातच अडकले. फाशीची पहाट. सैतानाशी संगत केली म्हटलं की जीव वाचतो, म्हणून चेटकाचा आरोप असलेला शेतकरी जॉन प्रॉक्टर तोंडी कबूल करतो. मग प्रश्न येतो, आणखी कोणाला पाहिलंस त्याच्यासोबत? तिथे मात्र तो अडतो. माझं पाप मी सांगेन, दुसऱ्याचं नाही. पुढे सहीही करतो, पण तो कागद चर्चच्या दारावर लागणार म्हटल्यावर फाडून टाकतो.

अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटकाचे हे खटले खरंच घडले. एकोणीस जणांना फाशी झाली. ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीने आरोपाला उत्तरच दिलं नाही, तेव्हा त्याच्या छातीवर दगड रचत जाऊन त्याला मारलं. कबुलीवर ठाम राहिलेल्या मात्र कुणालाही फाशी झाली नाही. प्रॉक्टरच्या बायकोवर, एलिझाबेथवर, आरोप करणारी ॲबिगेल प्रत्यक्षात अकरा-बारा वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा. मिलरने तिला मोठं केलं, त्याला तरुण केलं. पूर्वी मला हे खटकायचं. पण कोर्टाच्या जुन्या नोंदीतला एक प्रसंग मिलरला विसरता आला नाही: एलिझाबेथ प्रॉक्टरला मारायला ॲबिगेलने मूठ उगारली, जवळ जाताच मूठ उघडली, बोटं हलकेच तिच्या टोपीला लागली, आणि पोर ओरडली, बोटं भाजली!

मिलर सेलमला गेला तो १९५२ साली. त्याच वर्षी दिग्दर्शक एलिया कझानने, त्याच्या जवळच्या मित्राने, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या कमिटीपुढे पक्षातल्या जुन्या साथीदारांची नावं दिली. जानेवारी १९५३ मध्ये नाटक ब्रॉडवेवर आलं. आणि १९५६ मध्ये तोच प्रश्न खुद्द मिलरला विचारला गेला: कम्युनिस्ट लेखकांच्या त्या बैठकींना कोण कोण होतं? त्याने नावं दिली नाहीत. शिक्षा झाली, ती १९५८ मध्ये अपिलात रद्द झाली. तीन वर्षं आधी प्रॉक्टरच्या तोंडी घातलेलं त्याला स्वतःला निभवावं लागलं. हे वाचताना अंगावर काटा येतो.

चेटकिणी नसतातच, कम्युनिस्ट तर खरोखर होते, मग तुलना कशी, हा आक्षेप मी एके काळी मान्य करायचे. आता नाही पटत. कितीतरी नावं कमिटीला आधीच ठाऊक असायची. माणसाने मित्राचं नाव चारचौघांत, आपल्या तोंडाने घ्यावं, हे तिला हवं होतं.

आमच्या ऑफिसात एका बाईंविरुद्ध असाच कागद फिरला होता. त्या काय बोलल्या ते मी ऐकलंही नव्हतं. टेबलावर अकरा सह्या झालेल्या. पेन साहेबांनीच पुढे केलं. बारावी सही माझी.

त्यांचा नंबर आज जुन्या डायरीत सापडला. सहा आकडी आहे, लागायचा नाही. उद्या त्यांच्या बहिणीकडे जाऊन विचारते.