हजेरी न घेणारे विद्यापीठ

हिवाळी सत्रासाठी पुण्याहून जर्मनीतील आखेन येथे आले, तेव्हा थंडीची धास्ती सर्वांनीच घातली होती. थंडी अंगवळणी पडली. मात्र आपल्यावर कोणाचीही देखरेख नाही, या गोष्टीची सवय व्हायला मला फार वेळ लागला.

पुण्यात माझी अभियांत्रिकीची चारही वर्षे ७५ टक्के उपस्थिती, टर्म वर्क, जर्नलवरच्या सह्या आणि सबमिशनची धावपळ यांत गेली. १८७० साली सुरू झालेल्या येथील तंत्र विद्यापीठात माझ्या एकाही व्याख्यानाला हजेरी घेतली जात नाही. प्राध्यापक दीड तास शिकवतात, शेवटचा फलक पुसायच्या आत सभागृहातील सगळे विद्यार्थी मूठ मिटून बाकावर ठकठक करतात आणि दप्तरे आवरून निघून जातात. व्याख्यान आवडल्याची ही येथील पावती आहे. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मी दचकले होते. आता माझीही मूठ आपोआप बाकाकडे जाते.

परीक्षेचा अर्जदेखील प्रत्येक विषयासाठी आपणच, ठरलेल्या मुदतीत, ऑनलाइन भरायचा असतो. सूचना फलकावर नाव लावून कोणी आठवण करून देत नाही. गुणांची श्रेणी १.० पासून ५.० पर्यंत असते, त्यात १.० सर्वोत्तम आणि ४.० पर्यंत उत्तीर्ण. एका विषयाच्या परीक्षेसाठी साधारणपणे तीनच संधी मिळतात आणि तिसऱ्यांदाही यश आले नाही, तर अभ्यासक्रमच सोडावा लागतो. मोकळीक जितकी मोठी, तितकाच हा नियम कठोर आहे आणि मला तो न्याय्य वाटतो.

हीच रीत शहरातही दिसते. रेल्वे स्थानकात तिकीट तपासणारी फाटके नाहीत. मात्र तपासनीस गाडीत आला आणि तिकीट नसले, तर ६० युरो दंड भरावा लागतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतली जाते. रिकामी बाटली दुकानातील यंत्राच्या गोल तोंडात ठेवली की ती आत फिरते, तिच्यावरील चिन्ह वाचले जाते आणि पैशांची चिठ्ठी बाहेर येते. बाटली रस्त्यावर टाकू नका, असा फलक लावण्यापेक्षा हा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

अर्थात, या विश्वासाआधी कागदपत्रांचा मोठा डोंगर चढावा लागतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ११,९०४ युरो भरावे लागले. त्यासाठी आई-बाबांनी मुदत ठेव मोडली, शिवाय कर्जही काढले. त्यातून दरमहा ९९२ युरो माझ्या हाती येतात आणि खोलीचे भाडे व आरोग्य विमा वजा जाता उरणाऱ्या रकमेचा हिशेब मी रोज रात्री लिहून ठेवते. खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिच्यासाठी आधी ‘टर्मिन’, म्हणजे भेटीची वेळ, मिळवावी लागते.

या मोकळिकीची दुसरी बाजूही सांगायला हवी. येथे कोणी मागे लागत नाही, तसे कोणी आपणहून विचारतही नाही. मी मागे पडते आहे, हे पुण्यातल्या बाईंनी चेहऱ्यावरून ओळखले असते. येथे ते मलाच सांगावे लागले. एका विषयात काहीच कळेनासे झाले, तेव्हा मी प्राध्यापकांच्या सहायकांना ईमेल लिहून वेळ मागितली. त्यांनी तासभर बसून शंका सोडवल्या, जुन्या प्रश्नपत्रिका कोठे मिळतील ते दाखवले आणि परीक्षा आता द्यावी की पुढील सत्रात, हा निर्णय माझ्यावर सोपवला. मी तो विषय पुढील सत्रासाठी ठेवला आहे. उरलेल्या विषयांसाठी वर्गातील एक इराणी मैत्रीण, एक जर्मन मुलगा आणि मी असा आमचा अभ्यासगट जमला असून, फेब्रुवारीतील परीक्षेसाठी आम्ही त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला घेतल्या आहेत.