जालन्याला चर्चचा ऑर्गन वाजवायला जाणार असाल तर

जालन्यातल्या एका जुन्या चर्चने नाताळ उरकल्यावर आपला ऑर्गन सगळ्यांसाठी खुला केला. या, बसा, वाजवून बघा. जात-धर्म कुणी विचारणार नाही. आम्ही परभणीच्या भजनी मंडळातले दोघं-तिघं पेटीवाले गेलो. सेलू, परतूर करत रेल्वेने जालना, पुढे रिक्षा. सकाळचीच गाडी धरा. दुपारी शाळेची पोरं येतात, मग नंबर लागणं अवघड.

भिंतभर नळ्यांचा ऑर्गन डोळ्यांसमोर असेल तर तो विसरा. ही पायपेटी आहे. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन असायचा, तो याच कुळातला. सूर आपल्या पेटीसारखेच पितळी. पण पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, या अमेरिकन घडणीचा भाता ती आत ओढतो. आवाज त्यामुळे मऊ, भरीव.

पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्याला बांधलेला. इथे भाता पायाखाली, त्यामुळे तो हात एकदम बेकार होतो. माझा बराच वेळ मांडीवरच पडून होता. शिकवायला बसलेल्या मावशी म्हणाल्या, "दादा, सायकल मारू नका. एक पाय पूर्ण खाली जाऊ द्या, मग दुसरा." तेवढं जमलं की सूर हलत नाही. जाड तळाचे बूट नकोत. अनवाणी किंवा मोजे घालून बसा. पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज वाढत नाही. तो वाढतो उजव्या गुडघ्याने: पट्ट्यांखाली लाकडी दांडी आहे, ती बाहेरच्या बाजूला रेटायची.

वरच्या खुंट्या, ज्यांनी आवाजाचा प्रकार बदलतो, सगळ्या एकदम ओढू नका. काही खुंट्या फक्त उजव्या अर्ध्या पट्ट्यांना चालतात, काही डाव्या. एकच बाजू उघडलीत तर दुसरी मुकी राहते आणि लोक म्हणतात, बिघडलाय. 'व्हॉक्स ह्युमाना' ओढली की आत हवेवर एक पंखा फिरतो आणि सूर थरथरतो. पोरं आधी तीच शोधतात. (आम्हीही.)

आम्ही काळी दोनला (दुसऱ्या काळ्या पट्टीला सा मानून) भूप रागातला एक अभंग धरला. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, विसरा; ठाय म्हणजे संथ लयीत सरळ सूर लावा, छान घुमतं. मग मावशींनी ना. वा. टिळकांचं भजन वाजवलं. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण भजनाची आपली चाल सोडली नाही. आमच्यातल्या एकाने बाकावरच ठेका धरला. ऑर्गनची खालच्या धैवताची पट्टी अडकते. मावशी दर वेळी ती बोटाने खालून उचलतात आणि गाणं मोडू देत नाहीत.

दार उघडण्याचं कारण पाळकसाहेबांनी सरळ सांगितलं: नव्या पोरांना कीबोर्ड हवा, आणि ऑर्गन न वाजवता ठेवला की भात्याचं कापड कडक होतं, उंदीर आतला नमदा (लोकरीचं जाड कापड) कुरतडतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा जायचं ते हिवाळ्यातच. आधी विचारून जा. रविवारी सकाळी उपासना असते. त्या वेळी मागच्या बाकावर बसून फक्त ऐका.

वेळ उरला तर रेव्ह. नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीची चौकशी करा. आमची परतीची गाडी होती, जमलं नाही. आणि नखं कापून जा, पट्ट्या जुन्या आहेत.