तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळचं एवढं सगळं घरी जमतं कसं?

नोकरीनिमित्त गोव्यात आलेली, घरात एखाददुसरं लहान मूल असलेली मराठी जोडपी डिसेंबर लागला की एक प्रश्न हमखास विचारतात. शेजारचे कॅथलिक नवरा-बायको आपल्यासारखेच सकाळी कामाला जातात, त्यांचीही पोरं लहान आहेत. मग नखेत्र (दारातली कागदाची चांदणी), गोठा (येशूजन्माचा देखावा), सहा-सात तऱ्हेचं गोड, रात्रीची मीस (चर्चमधली प्रार्थना) हे सगळं त्यांना जमतं कसं? आणि त्यांच्याकडून ताट आलं की आपण काय करायचं?

जमतं ते क्रमामुळे, आणि हा क्रम टिकाऊपणावरून ठरतो. जे तीन आठवडे टिकतं ते डिसेंबरच्या सुरुवातीला, ओल्या नारळाचं सगळ्यात शेवटी. बाजारातून आणलेल्या डब्यांनी सण साजरा होत नाही असं नाही, पण घरात मूल असेल तर यातले दोन-तीन पदार्थ तरी घरी करावेत असं मला मनापासून वाटतं. मुलांना सण कळतो तो हाताला पीठ लागल्यावर.

सुरुवात नखेत्रानं. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार नाताळच्या आधीचा चौथा; तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी येतो. त्या सुमारास दारात चांदणी लागते. घरी करायची तर आपल्या आकाशकंदिलाचंच तंत्र आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा काड्या घ्या, प्रत्येकी दोन फूट. पाच काड्यांची एक चांदणी, अशा दोन. काड्या एकीवर एक नुसत्या ठेवायच्या नाहीत, एक वरून तर पुढची खालून अशा गुंफायच्या, म्हणजे सांगाडा स्वतःच घट्ट राहतो. दोन्ही चांदण्या टोकांना एकमेकींना बांधायच्या आणि आतल्या पाच जोडांवर साधारण वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवायच्या. मग पोट फुगतं. कागद पतंगाचा, खळ मैद्याची. चांदणी वाकडी होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: काड्यांची जाडी सारखी नसते आणि पेर मध्येच येतं. कापण्याआधी काड्या वाकवून बघाव्यात. खळीला झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी मोरचूद घालत. तो विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात अजिबात नको. दिवा एलईडीचाच लावा, जुन्या बल्बच्या उष्णतेनं कागद करपतो. आणि चांदणी वळचणीखाली टांगा. गोव्यात डिसेंबरच्या रात्री दंव पडतं, उघड्यावरचा कागद दोन दिवसांत लोंबायला लागतो.

जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा सण) ३ डिसेंबरला, पणजीचं ८ ला. या आठवड्यात पेराद, म्हणजे पेरूची वडी, करून घ्यावी. पेरू याच दिवसांत चांगले मिळतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर हमखास. पिकलेले पण न लिबलिबलेले एक किलो पेरू थोड्या पाण्यात शिजवा, चाळणीतून गाळून बिया काढा. गराच्या वजनाला पाऊणपट ते तेवढीच साखर, एका लिंबाचा रस, दोन चमचे लोणी. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत ढवळायचं. हा गर फुटाफुटानं उडतो आणि चांगलाच भाजतो, म्हणून कालथा लांब दांड्याचा घ्या आणि या कामाला मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा. लवकर उतरवली तर वडी चिकट राहते, फार आटवली तर दाताला चिवट लागते. थेंबभर गर थंड बशीत टाकून बोटानं उचलून बघा; सलग उचलला गेला की उतरवा. वड्या दुसऱ्या दिवशी कोरड्या सुरीनं कापा. बुरशी येते ती ओल्या सुरीमुळे.

त्यानंतरच्या शनिवार-रविवारी कुलकुलं, म्हणजे रेघारेघांची तळलेली गोड गुंडाळी. हे काम मुलांचंच आहे, म्हणून इथे घाई करू नका. अर्धा किलो मैदा, मूठभर बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूट मीठ, दोन अंडी आणि लागेल तसं नारळाचं दूध. अंडं नको असेल तर दूध थोडं वाढवा, बिघडत काही नाही. पुरीपेक्षा किंचित मऊ पीठ मळून तासभर ओल्या कापडाखाली ठेवा. सुपारीपेक्षा लहान गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या करकरीत फणीवर अंगठ्यानं पातळ दाबायची आणि एका कडेनं गुंडाळत आणायची. रेघा बाहेर येतात, आत पोकळी राहते. तीन वर्षांचं मूल गोळ्या वळतं, पाच वर्षांचं काट्यावर दाबतं, शेवटची कड चिकटवणं मोठ्यांनी करावं. कड सुटली की कुलकुल तेलात उघडतं आणि तेल पितं. मुलं गोळी जाड ठेवतात. मग वरून रंग येतो आणि आत कच्चं राहतं, चार दिवसांनी वास मारतं. त्यावर उपाय म्हणजे आच मध्यम ठेवायची आणि जाड कुलकुलं वेगळ्या घाण्यात जास्त वेळ तळायची. मुलांनी केलेली ओबडधोबड म्हणून बाजूला काढू नयेत. पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरली की झाकणाखाली वाफ धरते आणि सगळी मऊ पडतात. नीट झाली तर तीन आठवडे सहज टिकतात.

१२-१३ डिसेंबरला नाचणी पेरायची. गोठ्यात हिरवळ लागते ती हीच. रात्रभर भिजवून फडक्यात मोड आणा, मग उथळ ताटात किंवा नारळाच्या करवंट्यांत बोटाच्या दोन पेरांएवढी माती घालून दाटीनं पसरा. दोन-तीन दिवस झाकून ठेवा, नंतर उजेडात. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. जास्त पाण्यानं पांढरी बुरशी येते, आणि आठवडाभर आधी पेरलं तर रोपं लांब होऊन नाताळपर्यंत आडवी पडतात. गहू पेरणार असाल तर तो भराभर वाढतो, दोन-तीन दिवस उशिरा पेरा. शिंपडण्याचं काम एका मुलाला नेमून द्यावं, दोघांना दिलं की ताटात तळं होतं. गोठ्याला पेंढा शेतातून मिळतो, भाताची कापणी नुकती झालेली असते. तो उन्हात एक दिवस वाळवून झटका, आणि माळेच्या वायरी पेंढ्याच्या आतून नेऊ नका. बऱ्याच घरांत बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. बाळाला भेटायला निघालेले तीन राजे दूर कुठेतरी, खिडकीच्या फळीवर वगैरे असतात आणि रोज थोडे पुढे सरकत ६ जानेवारीला पोहोचतात. लहान मुलांना याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही.

शेवटचा आठवडा नारळाचा. दहा-बारा नारळ लागतील असं धरून चला. वाटताना पाणी कोमट घ्या, दूध जास्त निघतं. पहिलं घट्ट आणि दुसरं पातळ वेगळं ठेवा.

दोस सोपा आहे आणि मराठी घरात लगेच जमतो, कारण पुरणाचा हात असतो. अर्धा किलो चणाडाळ तीन-चार तास भिजवून बोटानं मोडेल इतपत शिजवा आणि पूर्ण निथळा. एका मोठ्या नारळाच्या खोबऱ्याबरोबर पाणी न घालता वाटा. अर्धा ते पाऊण किलो साखरेचा पाक, त्यात हे वाटण, चिमूट मीठ, तीन चमचे तूप, वेलची. गोळा कडा सोडेपर्यंत परता. तूप लावलेल्या पाटावर थापून, रेघा ओढून शंकरपाळ्यासारखे काप करा. बिघडतो तो डाळीत पाणी राहिल्यामुळे. मग कितीही परतला तरी चार दिवसांत आंबतो.

दोदोलाला मात्र माणसं लागतात. पाव किलो तांदळाच्या पिठाला पाऊण किलो माडाचा काळा गूळ आणि तीन-चार नारळांचं दूध. हा गूळ सुरेपासून, म्हणजे माडाच्या रसापासून होतो, त्यात कचरा असतो, म्हणून दुधात विरघळवून गाळल्याशिवाय वापरू नका. उसाचा गूळ घालून पदार्थ होतो, पण ती चव येत नाही. मी तडजोड करायला सांगणार नाही. पीठ थंड दुधातच कालवा, गरम दुधात गुठळ्या होतात. मग दीड तासाच्या आसपास न थांबता ढवळायचं. नवरा-बायकोनं पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावाव्यात, आणि मुलं झोपल्यावरच हे काम काढावं, कारण मध्येच उठता येत नाही. पाच मिनिटं हात थांबला तर तळ लागतो आणि तो वास सगळ्या दोदोलाला धरतो. मिश्रण आधी पातळ, मग चिकट, मग चकचकीत होतं आणि शेवटी कडेनं खोबरेल सुटू लागतं. तेल दिसलं की उतरवायचं, त्याआधी नाही. काजू घालून तेलकट ताटात ओता, सकाळी कापा.

बेबिंका, म्हणजे थराथरांचा भाजलेला गोड पदार्थ, पहिल्या वर्षी करू नका असं मी सांगते. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगल्या बेकऱ्यांत ती नाताळात ताजी मिळते. तरी करायचीच असेल तर दहा अंड्यांचं पिवळं, दोन-तीन नारळांचं घट्ट दूध, अर्धा किलो साखर, पाव किलो मैदा, जायफळ आणि भरपूर तूप. पूर्वी खालून-वरून नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. ओव्हनमध्ये पहिला थर दोन्ही बाजूंनी भाजून घ्या, पुढचे सहा फक्त वरच्या आचेवर, प्रत्येक थराआधी चमचाभर तूप. थर पूर्ण लाल झाल्याशिवाय दुसरा ओतला तर तो खाली बसतो आणि सात थरांची एक जाड वडी होते. गरम कापायची नाही.

नेवऱ्या २३ ला. करंजी येणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सारण ओल्या खोबऱ्याचं असेल तर दोन-तीन दिवसांत संपवा.

सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, याच्या उलट चालतं. ते दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम करायचं असतं, तरच माडाचं व्हिनेगर आणि मसाला मांसात मुरतो. म्हणून शेजारी ते २२ च्या रात्रीच शिजतं, आणि २५ ला फक्त सान्नां (इडलीसारखी) वाफवायची राहतात.

२४ ची मीस बऱ्याच गावांत चर्चच्या पटांगणात उघड्यावर होते. तुम्हाला कोणी नेलं तर अवश्य जा. मुलांना कानटोपी आणि शाल हवी, दंव असतं. वेळ गावागणिक वेगळी, आधी विचारून घ्या. अगदी तान्ह्या मुलांची घरं २५ ची सकाळची मीस धरतात, त्यात कमीपणा कोणी मानत नाही.

आता ताटाचं. नाताळला नातेवाइकांकडे आणि शेजाऱ्यांकडे गोडाचं ताट पाठवतात, त्याला कोंसुआद म्हणतात. ज्या घरात दुखवटा असतो तिथे त्या वर्षी गोड करत नाहीत, त्यांना इतर घरं पाठवतात. तुमच्याकडे ताट आलं की दारातच घेऊन निरोप देऊ नका, आत बोलवा. रिकामं ताट परत करू नये. साखर, फळं, तिळाचे लाडू, काहीही चालेल. खरी परतफेड चतुर्थीला किंवा दिवाळीला करायची, तेव्हा तुमच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जातात.

मार्गशीर्ष पाळणाऱ्यांचा प्रश्न दरवर्षी येतो, कारण तो महिना बहुधा याच दिवसांत असतो. बेबिंकेत अंडं असतंच, बोलिन्हांत (खोबऱ्याच्या बिस्किटांत) आणि केकमध्येही असतं, कुलकुलांत बहुतेक वेळा. दोस, दोदोल आणि पेराद यांत नसतं. शेजाऱ्यांना आधी मोकळेपणानं सांगा, ते ताट त्याप्रमाणे लावतात. इथे त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. घेऊन नंतर कामवाल्या बाईला देऊन टाकण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

३१ डिसेंबरला वाड्यावरची पोरं जुन्या कपड्यांत पेंढा भरून जुन्या वर्षाचा म्हातारा करतात, वर्गणी मागत फिरतात आणि मध्यरात्री जाळतात. जुने कपडे द्यायचे तर सुती द्या. नायलॉन वितळून चिकटतं, ठिणगी लांब उडते. आत फटाके भरलेले असतात, तेव्हा आपल्या मुलांना धरून दहा पावलं मागे उभं राहा.

६ जानेवारीला रेइश मागूश आणि चांदर इथे तीन राजांचं फेस्त असतं. ते झालं की गोठा उतरतो. पेंढा आणि नाचणीची रोपं गाईला घाला, मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. नखेत्राचा कागद फाडून टाका पण सांगाडा जपा. खळ ओल्या फडक्यानं पुसून, उन्हात वाळवून माळ्यावर टांगला की पुढच्या वर्षी फक्त कागद चिकटवायचा राहतो.